नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला स्नोशू हाइकला (बुटाखाली रुंद चौकटी बांधून बर्फात चालायला) निघताय?

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर सूर्य दिसणार नाही, हे गृहीत धरा. ट्रॉम्सोत साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी तो क्षितिजावर येतच नाही. दुपारच्या आसपास काही तास निळसर उजेड असतो, तो चालायला पुरतो.

थंडीचा फार बाऊ करू नका. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे शहरात पारा बहुतेक वेळा उणे पाचच्या आसपास असतो. छळतो तो वारा. आणि घात करतो घाम. आपली मंडळी असतील नसतील ते स्वेटर एकावर एक चढवतात आणि पहिल्याच चढाला आतून चिंब होतात. अंगालगत मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट, बस्स. सुती बनियन आणि जीन्स हॉटेलवरच राहू द्या. निघताना थोडं कुडकुडलात तर कपडे बरोबर आहेत. मोज्यांच्या दोन जोड्या कोंबू नका, बूट आवळला की बोटं बधिर होतात.

चालणं सोपं आहे. पाय जरा फाकवून टाका, नाहीतर एक स्नोशू दुसऱ्यावर पडतो आणि तुम्ही तोंडघशी. उलट्या पावली तर चालूच नका, मागची बाजू बर्फात रुतते. चढावर टाचेखालची तार उभी करा, पोटऱ्या दुवा देतील.

फोटोसाठी गाइडची वाट सोडू नका. तीस अंशांपुढच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. मोबाइल आतल्या खिशात, गारठ्यात बॅटरी झटकन उतरते. आणि शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर गरम सुपात रेनडिअर निघायचं.