नाव दे, पण कागद वाचून

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. क्रोन्सवरच्या, म्हणजे तुझ्या त्या आतड्याच्या सुजेच्या आजारावरच्या, अभ्यासात घरबसल्या भाग घ्यायचं तू मनावर घेतलंयस आणि तिला धास्ती, की पोराला प्रयोगाला वापरतील. माझं मत विचारशील तर नाव दे. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा टीबी वेगळे ओळखताना भल्याभल्या डॉक्टरांची पंचाईत होते. या आजाराचं बरंचसं संशोधन युरोप-अमेरिकेतलं आहे. आपल्या माणसांच्या नोंदी झाल्याच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

आधी माहितीपत्रक मराठीत मागून घे, तो तुझा हक्क आहे. आईला शेजारी बसवून वाच. एथिक्स कमिटीची मंजुरी, नमुने किती वर्षं ठेवणार, नावाऐवजी क्रमांक लावणार का, हे सगळं विचार. नुसत्या नोंदी आहेत की नव्या औषधाची चाचणी, हेही स्पष्ट करून घे. चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद हवीच. २००९ पासून ती सक्तीची आहे. मधेच बाहेर पडलास तरी तुझे नेहमीचे उपचार कुणाला अडवता येत नाहीत.

नमुना बहुधा शौचाचा मागतील, कॅलप्रोटेक्टिनसाठी. आतड्याला सूज आली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर सहसा ठीक, २५० च्या वर गेलं तर बहुतेक सूज असते. संडासाच्या भांड्यावर कागद आडवा टाकून नमुना घे. पाणी आणि लघवी लागू देऊ नकोस. आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी घेतली असेल तर तसं लिही, तिने आकडा चढू शकतो. आणि पावसाळ्यात शनिवारी नमुना घेऊच नकोस. परशुराम घाट बंद पडला की डबी चिपळुणातच अडकायची. सोमवारी सकाळी घे आणि लगेच कुरियरला दे.

खरं मोल रोजच्या नोंदींचं. डॉक्टरांना तू दिसतोस तो मुंबईला पोचलास त्या दिवशीचा. पहाटे तीनला कितींदा उठलास, एसटीत बसायची भीती वाटून कॉलेज बुडवलंस का, हे त्यांना कुठून कळणार? खाण्याच्या रकान्यात ब्रेड नि दूध असेल, कुळथाची पिठी आणि सुकट नसेल. ‘इतर’मध्ये लिही. शिमग्याला फणसाची भाजी दोनदा वाढून घेतलीस तर तेही लिही. बऱ्या दिवसांच्या नोंदीही हव्यात, त्यांच्याशिवाय वाईट दिवसाची तुलना कशाशी करणार? रात्री झोपण्याआधी त्या दिवसाचं लिहून टाक. आठवड्याचं एकदम लिहायला बसलास की मन अंदाज भरतं.

अभ्यास म्हणजे उपचार नव्हे, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेव. रक्त पडलं, ताप आला, पोट फुगून उलट्या व्हायला लागल्या, तर कुणाच्या अहवालाची वाट न बघता डॉक्टरांना गाठ. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नकोस.

आईशी मी बोलतो. सही करायच्या आधी रविवारी कागद घेऊन दोघंही या.

तुझा काका