वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटरला स्पीकर कोणते?

प्रश्न : खोली दहा बाय दहाची, बजेट 8 हजार. मुलगा गेम खेळतो, रात्री सिनेमे, सकाळी गाणी. दुकानदार सबवूफरचा 2.1 सेट (दोन छोटे स्पीकर आणि बाससाठी वेगळा डबा) घ्या म्हणतो. खोक्यावर 5000 वॅट पीएमपीओ लिहिलंय. घ्यावा का? (अमळनेर)

उत्तर : नको. पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद. तिचा आकडा मोजायची ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे तो कितीही फुगवता येतो. आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा. टेबलावर, तीन फुटांवरून ऐकायला दर बाजूला 15-20 वॅट आरएमएस पुष्कळ झाले.

स्वस्त 2.1 मध्ये छोटे स्पीकर दोन-अडीच इंचांचे असतात. पुरुषी आवाजाचा भरदारपणा 100 ते 200 हर्ट्झच्या आसपास असतो आणि तेवढं खाली त्यांना जमत नाही. मग ते काम टेबलाखालच्या डब्यावर पडतं. तबल्याचा डग्गा घुमतो आणि गायकाचा आवाज पातळ होतो. त्यापेक्षा 2.0 जोडी (सबवूफरशिवाय नुसते दोन स्पीकर) घ्या : खालच्या सुरांना साडेतीन-चार इंची वूफर, बारीक सुरांना वेगळा ट्वीटर, लाकडी पेटी.

मांडणीवर निम्मा आवाज ठरतो. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंतचं अंतर सारखं ठेवा, ट्वीटर कानाच्या उंचीला. मागे भोक असलेली पेटी भिंतीपासून वीतभर तरी पुढे हवी, कोपऱ्यात तर नकोच. वायर जोडताना लाल-काळी एका बाजूला उलटी झाली तर बास गायब होतो. तपासायला बातम्या लावा : निवेदकाचा आवाज बरोबर मधून यायला हवा. गेमसाठीही जॅकची वायरच वापरा. ब्लूटूथवर गोळी आधी दिसते, आवाज मागून येतो.

प्रश्न : सिनेमात मारामारीला कानठळ्या बसतात, संवाद मात्र कळत नाहीत. स्पीकर बदलू का? (धुळे)

उत्तर : आधी सेटिंग बघा. 5.1 ट्रॅकमध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर धरून केलेला आवाज) संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. विंडोजमध्ये चुकून 5.1 निवडलेलं असेल तर ते नसलेल्या स्पीकरकडे जातात. साउंडच्या प्लेबॅक यादीत तुमच्या स्पीकरवर क्लिक करा, 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन 'स्टिरिओ' करा. प्रॉपर्टीजमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय) असेल तर रात्री सिनेमापुरतं चालू ठेवा, गाण्यांना बंद.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय बसवत नाही, आणि त्याची घरघर संवादांवरच बसते. आवाज वाढवत गेलं की छोटा अ‍ॅम्प्लिफायर फाटका आवाज देतो. कूलरचा स्पीड एक खाली आणा आणि स्पीकर जवळ ओढा. फरशी-स्लॅबच्या मोकळ्या खोलीत सतरंजी अंथरा, खुर्चीमागे जाड पडदा लावा. घुमणं कमी झालं की शब्द सुटे ऐकू येतात.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकर घूं करतो. (शहादा)

उत्तर : चार्जर काढल्यावर थांबत असेल तर स्पीकर चांगला आहे, दोष अर्थिंगच्या वाटेचा. चार्जर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. तरी आवाज राहिला तर ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगच्या वाटेने येणारी घूं अडवणारी छोटी डबी) घाला, तो 3.5 मिमी जॅकसह मिळतो. घरात इतर वस्तूंनाही हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा. आवाज जावा म्हणून प्लगची जाड पिन मात्र कधीही काढू नका. शॉक लागण्यापासून वाचवणारी तीच आहे.