आधी कोरोन, मग ट्रुक

प्रश्न : काका, नमस्कार. मी आणि माझी बायको डोंबिवलीला राहतो. २०१८ साली तारकर्लीला पहिल्यांदा टाकी पाठीला बांधून पाण्याखाली गेलो आणि तेव्हापासून दर वर्षी कुठेतरी जातोच. नेत्राणी झालं, हॅवलॉक झालं, गेल्या वर्षी बालीत तुलांबेनला ‘लिबर्टी’ जहाज पाहिलं. तेव्हापासून प्रवाळ आणि मासे मागे पडले, आम्हाला बुडालेली जहाजंच बघायची आहेत. दोघांकडे डाइव्हिंगच्या ॲडव्हान्स्ड कोर्सचं कार्ड आहे. माझे ४६ डाइव्ह झालेत, तिचे ३८. फेब्रुवारीत दहा दिवस रजा मिळते आहे. मायक्रोनेशियातलं ट्रुक की फिलिपिन्समधलं कोरोन, यावरून महिनाभर घोळ चालू आहे. ग्रुपमधले सगळे म्हणतात, जायचं तर ट्रुकलाच. पैसेही तेवढे साठवलेत. अमेरिकेचा व्हिसा मात्र दोघांकडेही नाही. आणखी एक अडचण घरातली आहे. त्या जहाजांवर माणसं मेली आहेत हे आईला कळलं, तेव्हापासून ती म्हणते, “मसणवटीत कसले पोहायला जाता?” तिला काय सांगू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या फेब्रुवारीत कोरोनला जा. ट्रुकसाठी साठवलेले पैसे तसेच राहू द्या, ते दोन-तीन वर्षांनी लागतील.

माझी ३१ वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्तीच्या थोडं आधी, बावन्नाव्या वर्षी मी डाइव्हिंग शिकलो. कोरोनला तीनदा गेलो आहे, ट्रुकला एकदाच. त्यामुळे मी जहाजाकडे जहाज म्हणूनच बघतो. बॉयलर कुठे, इंजिनरूमला हुकूम पोचवणारा टेलिग्राफ कुठे, जहाज ढकलणारा पंखा कुठल्या बाजूला, हे आधी डोळ्यांत येतं आणि मासे नंतर. तुमच्या पत्रावरून वाटलं की तुमचंही तसंच होऊ लागलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रुपमधली मंडळी ट्रुकचं एवढं का सांगतात, ते आधी. ट्रुकला आता ‘चूक’ (Chuuk) म्हणतात. प्रवाळाच्या मोठ्या कड्याच्या आत शांत पाण्याचा प्रचंड तलाव आणि त्यात डोंगराळ बेटं. दुसऱ्या महायुद्धात जपानी आरमाराचा तो मोठा तळ होता. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ या दोन दिवसांत अमेरिकी विमानवाहू जहाजांवरच्या विमानांनी तिथे हल्ला केला. मोठ्या युद्धनौका त्याआधीच निघून गेल्या होत्या. नांगरावर राहिली मालवाहू जहाजं, तेलवाहू जहाजं आणि मदतीच्या बोटी. त्यातली चाळीसहून जास्त बुडाली. काहींचा माल उतरवायचाही राहिला होता, म्हणून ट्रुकच्या जहाजांचे खण, म्हणजे मालाची कोठारं, अजून भरलेले आहेत. ‘फुजिकावा मारू’च्या खणात जपानी ‘झीरो’ लढाऊ विमानांचे सांगाडे आहेत. ‘यामागिरी मारू’त ‘यामातो’ जातीच्या युद्धनौकांच्या तोफांचे गोळे आहेत, ४६ सेंटिमीटर व्यासाचे. ‘सान फ्रान्सिस्को मारू’च्या डेकवर रणगाडे आहेत आणि खाली खणात सुरुंग.

माझं मन मात्र ‘हेइआन मारू’पाशी अडकलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमची बोट योकोहामाला लागली होती. तिथे किनाऱ्याला ‘हिकावा मारू’ नावाचं १९३० सालचं प्रवासी जहाज संग्रहालय करून ठेवलं आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या इंजिनरूममध्ये तीन तास बसलो होतो. पितळेच्या पट्ट्या चकाकत होत्या आणि जिन्याचे कठडे हातांनी गुळगुळीत झाले होते. ‘हेइआन’ ही तिची सख्खी बहीण. एकाच आराखड्यावर बांधलेल्या या दोघी पॅसिफिक ओलांडून सिॲटलपर्यंत प्रवासी न्यायच्या. युद्धात ‘हेइआन’ला पाणबुड्यांची रसद पुरवायला लावलं आणि ती ट्रुकला बुडाली. आता डाव्या कुशीवर पडली आहे. तिच्या अंगावर पेरिस्कोप आहेत, टॉर्पेडो आहेत, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव अजून वाचता येतं. एक बहीण उभी आणि दुसरी आडवी, दोघींना मी हात लावण्याइतक्या जवळून पाहिलं. पाण्याखाली मास्कमध्ये रडलं तर काच धुकट होते, हे मला तिथे कळलं.

अजून एक जहाज सांगतो, कारण त्याच्याशी आपला संबंध आहे आणि आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही. ‘आइकोकू मारू’. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ही आणि ‘होकोकू मारू’ अशा दोन सशस्त्र जहाजांनी ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला गाठलं. सोबतीला होती रॉयल इंडियन नेव्हीची छोटी सुरुंगशोधक नौका ‘बेंगाल’. तिच्यावर मोठी म्हणावी अशी तोफ एकच, आणि समोर दोन्ही जहाजं दहा-दहा हजार टनांची. पण बुडाली ती ‘होकोकू’. ‘बेंगाल’ सुखरूप बंदराला पोचली. त्या दिवशी वाचलेली ‘आइकोकू’ सव्वा वर्षानं ट्रुकला बॉम्ब लागून फुटली. पुढचा अर्धा भाग राहिलाच नाही, शेकडो सैनिक एका क्षणात गेले.

एवढं असून मी तुम्हाला थांबवतो आहे, ते खोलीमुळे. ‘आइकोकू’चं बहुतेक सगळं ४० मीटरच्या खाली आहे. ‘सान फ्रान्सिस्को’चे रणगाडे ५० मीटरच्या आसपास. हौशी डाइव्हरची शेवटची हद्द ४० मीटर आणि तुमच्या कार्डाची ३०. वरच्या जहाजांवर तुम्ही जाऊ शकाल. ‘फुजिकावा’ उभी आहे, तिचा वरचा भाग उथळ पाण्यात आहे, आणि ‘हेइआन’ची वरची कूसही तशी वरच आहे. पण इतक्या लांब जाऊन निम्मी जहाजं नुसती नकाशावर बघायची, आणि संध्याकाळी जेवताना शेजारचे लोक रणगाड्यांच्या गोष्टी सांगणार. मग सहाव्या दिवशी कुणीतरी म्हणतं, “चला की, पाच मिनिटं जाऊन येऊ.” ते पाच मिनिटांचं बोलणं मी ऐकलं आहे. त्याला नाही म्हणायला पाठीशी बरेच डाइव्ह लागतात.

हिशोब करून बघा. ३० मीटरवर दाब चारपट, म्हणजे वर जी हवा एक तास पुरेल ती तिथे पाव तास. साध्या हवेवर डीकोशिवाय, म्हणजे वर येताना वाटेत सक्तीचे थांबे न घेता, मिळतात साधारण २० मिनिटं. ३२ टक्के ऑक्सिजनचा वायू, म्हणजे नायट्रॉक्स, घेतला तर ३०, पण त्या वायूनं ३४ मीटरच्या खाली जायचं नाही. म्हणून कोरोनला पोचण्याआधी किंवा पोचल्याच्या पहिल्या दिवशी दोघांनी नायट्रॉक्सचा कोर्स करा. एका दिवसात होतो. मोठ्या जहाजावर ती दहा मिनिटं फार मोलाची असतात.

कोरोनची गोष्ट त्याच वर्षाची, सप्टेंबरची. २१ तारखेला मनिलावर हल्ला झाल्यावर जपानी रसदेची जहाजं बुसुआंगा बेटाच्या आसपासच्या सामुद्रधुन्यांत लपली. २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी त्यांना तिथे शोधून बुडवलं. डझनभरच जहाजं, पण बहुतेक १० ते ४० मीटरच्या मध्ये, म्हणजे तुम्हाला शिकायला पायऱ्या आहेत. ‘ओकिकावा मारू’ हे तेलवाहू जहाज उभं आहे, डेक दहा-पंधरा मीटरवर, तळ २६ वर. सुरुवात तिथे करा. मग ‘कोग्यो मारू’, उजव्या कुशीवर पडलेली. विमानतळ बांधायला निघालेला माल तिच्या पोटात आहे. सिमेंटच्या गोणी जशा रचल्या तशाच दगड झाल्या आहेत, गोणपाट कुजून गेलं तरी विणीचे ठसे राहिलेत. तारेच्या जाळीची भेंडोळी आहेत, एक छोटा बुलडोझर आहे. ‘आकित्सुशिमा’ ही खरी युद्धनौका, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांना उचलून घेणारी. तिची अजस्र क्रेन वाळूत आडवी झाली आहे. शेवटी ‘इराको’, शीतगृहाचं जहाज, आरमाराला ताजं अन्न पुरवणारं. तिचा डेक तीस मीटरच्या आसपास सुरू होतो. ती सहलीच्या शेवटच्या दोन दिवसांत करा, तीही बाहेरूनच, आणि तोवर डीप डाइव्हिंगचा कोर्स झाला असेल तरच.

कोरोनचं पाणी ट्रुकइतकं स्वच्छ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कधी पंधरा मीटर दिसतं, कधी पाच. पाच मीटर दिसत असताना जहाज अंधारातून अंगावर आल्यासारखं एकदम समोर येतं. मला ते आवडतं, पण सगळ्यांना आवडेल असं नाही. बायकोला आधी विचारा.

आणि आत शिरण्याबद्दल. कोरोनच्या पहिल्या खेपेला मी एका जहाजाच्या पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या बोगद्यात गेलो. लोखंडाच्या नळीत काम करून आयुष्य गेलं, मला कसली भीती, असं मनात होतं. पुढच्या गड्याच्या पायातला एक फिन तळाला लागला आणि ऐंशी वर्षांचा गाळ उठला. हातातली टॉर्च छातीशी धरली तरी दिसेना. डाव्या हातात दोरी होती, तिच्या आधारानं उलटं यायला चार मिनिटं लागली. दोरी नसती तर हे सदर कुणी दुसरंच लिहीत असतं. तिथे दोघांनी रेक डाइव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डाइव्हिंगचा, कोर्स कराच, आणि नियम पाठ करा : एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, एक तृतीयांशला हात लावायचा नाही. कोर्स होईपर्यंत खणाच्या उघड्या तोंडातून वर निळं पाणी दिसतं आहे तेवढंच आत.

व्हिसाचा प्रश्न लवकर सुटतो. ट्रुकला जाण्याचा नेहमीचा मार्ग ग्वाममार्गे, आणि ग्वाम अमेरिकेचं. नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, तो फेब्रुवारीच्या आत हातात येईल या भरवशावर तिकीट काढू नका. फिलिपिन्सनं जून २०२५ पासून भारतीयांना चौदा दिवस व्हिसाशिवाय पर्यटन खुलं केलं आहे. निघण्यापूर्वी वकिलातीकडे नियम पुन्हा पडताळा. मनिलाहून बुसुआंगाला छोटं विमान आणि तिथून कोरोन गाव. शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही, तो दिवस रजेत धरा. आणि डाइव्हिंगचा विमा वेगळा काढा. साध्या प्रवास विम्यात खोल पाणी बहुधा धरलेलं नसतं.

तिथल्या होड्यांना बांगका म्हणतात. दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या, म्हणजे तोल सांभाळणारे दांडे, असतात. आपल्याकडच्या एका उलांडीच्या होडीत वाढलेल्या माणसाला बघताक्षणी घरचं वाटतं.

आता आईचं. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, त्या बरोबर बोलताहेत. मी रेवसच्या बाजूचा. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून निघालेली ‘रामदास’ बोट रेवसला पोचलीच नाही, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या आजीच्या आळीत त्या दिवशी दोन घरं उघडी पडली. आजी मरेपर्यंत त्या बाजूच्या पाण्याकडे बघून हात जोडायची. ट्रुकला पहिल्या डाइव्हला मी तेच केलं, आजीची सवय अंगात उतरली असावी. तिथे काही जहाजांत हाडं आजही आहेत. ती जिथे दिसतात तिथे मी थांबत नाही, फोटो काढत नाही, बरोबरच्यांनाही काढू देत नाही. कपबशी असो की बाटली, काहीही उचलायचं नाही. ट्रुकमध्ये तो गुन्हा आहे, कोरोनमध्येही हाताची घडी घालून पोहायचं. आईंना हे सगळं सांगा. आणि त्यांची तयारी असेल तर त्यांच्याकडून एक फूल मागून घ्या. सुकलेलं चालेल. ‘इराको’वर उतरण्याआधी होडीतून पाण्यावर सोडा.

ट्रुकला फार उशीर मात्र करू नका. इंजिनियर म्हणून सांगतो, बॉयलर आणि इंजिन शेवटपर्यंत टिकतील, पण वरच्या केबिनांचे पातळ पत्रे आधी जातात. मी गेलो तेव्हा एका जहाजाच्या ब्रिजचं, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीचं, छत नुकतंच खाली बसलं होतं. त्यात काही ठिकाणी सुरुंग लावून मासेमारी होते, तिचेही धक्के बसतात. शंभरएक डाइव्ह, डीप आणि रेकचे कोर्स, हातात अमेरिकेचा व्हिसा, एवढं जमलं की मला पुन्हा लिहा. ‘हेइआन’च्या आधी योकोहामाला कसं उतरता येईल ते बसून ठरवू.

प्रश्न : आम्ही मार्चमध्ये फिलिपिन्सला जातोय, कोरोनला तीन दिवस आहोत. कुणालाच डाइव्हिंग येत नाही. मुलगी बारा वर्षांची आहे, चांगली पोहते आणि तिला बुडालेलं जहाज बघायचंच आहे. काही मार्ग?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. लुसोंग बेटाजवळ एक छोटी जपानी गस्ती नौका उथळ पाण्यात पडली आहे. खोल टोक दहा-अकरा मीटरवर, पण मागची बाजू ओहोटीला जवळजवळ पाण्याबाहेर येते. मास्क आणि स्नॉर्कल लावून वर तरंगत अख्खी दिसते, प्रवाळही छान धरला आहे. लोखंड गंजून धारदार झालंय, तेव्हा मुलीला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणि लाइफ जॅकेट घाला, आणि खाली वाकून काही धरू देऊ नका. होडी ठरवताना होडीवाल्याला ओहोटीची वेळ विचारा आणि तिच्या तासभर आधी तिथे पोचा.