झपाटलेल्या घराच्या रहस्यकथेत शेवटी भूत खरं निघावं की खोटं?

नऊ वर्षांच्या मुलीसाठी तुम्ही स्वतः गोष्ट लिहिताय आणि तुमचा मोठा मुलगा म्हणतो की भूत खोटंच निघायला हवं. थोरल्या भावांना शेवट ठरवायची फार हौस असते.

दहा वर्षांची असताना मी अशीच एक गोष्ट वाचत होते. बंद घर, आणि जिन्यावर रोज रात्री उमटणारी ओली पावलं. सगळी वर जाणारी, खाली येणारं एकही नाही. नायिकेने माळ्याच्या दाराच्या कडीला हात घातला आणि दादा मागून म्हणाला, "रखवालदार आहे गं तो, चादर पांघरून फिरतो." मी पुस्तक मिटलं ते मिटलंच. मोठेपणी शेवट वाचला. खरंच रखवालदार! चादर, कंदील, घर कुणी विकत घेऊ नये म्हणून केलेला बनाव, सगळं होतं. पावलांबद्दल मात्र अवाक्षर नाही. दादाला फोन केला तर म्हणे, "पोरं एवढं कुठे लक्षात ठेवतात?"

मी ठेवलं ना!

भूत खरं दाखवा नाहीतर खोटं, पण घातलेल्या प्रत्येक खुणेचा हिशोब चुकता करा. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रातली अथेन्सच्या घराची गोष्ट जवळजवळ १९०० वर्षं जुनी. भूत खरंच येतं, साखळ्या खळखळवत खुणावतं, आणि घरात राहायला आलेला तत्त्वज्ञ अथेनोडोरस हाताने 'जरा थांब' म्हणून लिहीत बसतो! भूत जिथे नाहीसं होतं तिथे खणल्यावर साखळ्यांत अडकलेली हाडं सापडतात. आवाजाचा हिशोब लागला.

खोटंच हवं असेल तर चादरीपेक्षा बरं काहीतरी शोधा. विक टँडी या इंग्लिश अभियंत्याला प्रयोगशाळेत उगाच अस्वस्थ वाटायचं, एकदा तर डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. मग शिकंज्यात घट्ट धरलेलं तलवारबाजीच्या तलवारीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं आणि धागा सापडला: नव्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा नाद घुमत होता. १९९८ मध्ये त्यांनी यावर लेखच लिहिला. थरथरणारं पातं चादरीपेक्षा कितीतरी भीतिदायक आहे, आणि ते खरं आहे.

हां, मुलगी मुळातच रात्री दचकून उठणारी असेल तर गोष्ट दिवसाच वाचून दाखवा.

आणि लिहून झाल्यावर मोठ्याच्या हातात आधी देऊ नका.