गेम मॉडिंगसाठी पहिली भाषा कोणती? सगळे 'आधी सी शिक' म्हणतात

बारावीत आहेस, मॉड (गेममध्ये आपण घालतो ते बदल) बनवायचेत आणि जो तो 'सीशिवाय पाया पक्का होत नाही' म्हणतो, असं तू लिहिलंयस. तो पाया मी घालून बसलोय. क्लासमध्ये टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरचा निळा स्क्रीन आणि त्यावर चांदण्यांचा त्रिकोण. सरळ जमला की उलटा, उलटा जमला की पोकळ. आख्खी सुट्टी त्यात गेली. क्लास लावायला लावणारा माझा आतेभाऊ, आमचा दादा. 'ज्याला पॉइंटर येत नाहीत तो कसला प्रोग्रामर' हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवतो. (पॉइंटर म्हणजे सीमधली, मेमरीतला पत्ता साठवणारी गोष्ट.)

मला प्रोग्रामिंग कळलं ते फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेममुळे. त्याचे मॉड लुआ नावाच्या भाषेत लिहितात. त्यातल्या माल वाहून नेणाऱ्या पिवळ्या पट्ट्याचा वेग 0.03125 असतो. मला तो दुप्पट करायचा होता. काम एका ओळीचं, पण पट्ट्याच्या नावात हायफनऐवजी अंडरस्कोर पडला आणि गेम उघडतानाच आडवा आला: फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि 'निल व्हॅल्यू'. नसलेल्या गोष्टीला हात घातला की काय होतं, हे एररच्या त्या खिडकीनं जेवढं शिकवलं तेवढं क्लासच्या वहीनं नाही. चूक सुधारली आणि पिवळा पट्टा वरच्या दर्जाच्या लाल पट्ट्याइतका पळायला लागला! त्या रात्री झोप कुठली.

दादाला दाखवलं तर म्हणाला, "ॲरे एकपासून सुरू होतो? ही काय भाषा झाली?" होतो. ॲरे म्हणजे क्रमवार यादी; सीमध्ये ती शून्यापासून मोजतात, लुआत एकपासून. 1993 साली ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठात लुआ बनली तेव्हापासून होतो, आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर भाषा गेम ठरवतो. माइनक्राफ्टच्या जावा एडिशनला जावा, स्टारड्यू व्हॅली आणि रिमवर्ल्डला सी शार्प, सिम्स 4 ला पायथन. जो गेम तू रोज खेळतोस त्याचा एखादा छोटा मॉड उघड, एक आकडा बदल, काय मोडतं बघ. क्लास लावू नकोस.

हां, सेव्ह फाइलची कॉपी आधी काढून ठेव. ऑनलाइन गेममध्ये हे उद्योग करू नकोस, अकाउंट जाईल. पुढे इंजिनच, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, लिहायचं असेल तर सी++ लागेल, तेव्हा पॉइंटरही शीक, माझी ना नाही.

आणि दादा, वाचत असशील तर, फॅक्टोरिओचं इंजिन सी++ मध्ये आहे हे मला ठाऊक आहे. कॉमेंटमध्ये परत टाकू नकोस.