देवराईत भजन चालेल का? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आमच्या ओळखीतली काही घरं वर्षातून दोनदा एकत्र रानात जातात, थोडं चालतात, थोडं नामस्मरण करतात, गावातच जेवतात आणि संध्याकाळपर्यंत घरी येतात. त्यावर खूप प्रश्न आलेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल असे निवडलेत.

ताई, आमचं कोथरूडला भजनी मंडळ आहे. घरच्यांना धरून पन्नासेक माणसं होतात, त्यात आजीआजोबा आहेत आणि पोरंही. श्रावणात भीमाशंकरचं दर्शन घ्यायचं आणि तिथून जवळच्या एखाद्या देवराईत भजन आणि महाप्रसाद करायचा असं चाललंय. स्पीकर आमचाच आहे, आचारीही ठरलाय. परवानगी वगैरे लागते का?

दादा, कल्पना छान आहे, पण दोन-तीन गोष्टी बदला असं मी अगदी मनापासून सांगते.

पहिलं म्हणजे श्रावणी सोमवार नको आणि शनिवार-रविवारही शक्यतो नको. त्या दिवशी भीमाशंकरला एवढी गर्दी असते की निम्मा दिवस गाडीत आणि रांगेत जातो, मग म्हातारी माणसं दमतात, पोरं रडायला लागतात आणि देवराई राहूनच जाते. मधला वार पकडा नाहीतर सरळ पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतर जा. तेव्हा रान हिरवं असतं आणि पायवाटा थोड्या वाळलेल्या असतात.

दुसरं, देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, ती मोकळी जागा नाही हो, ती देवाची आहे आणि त्या देवाचं गाव आहे. भीमाशंकरच्या आजूबाजूच्या, म्हणजे आंबेगाव-जुन्नर भागातल्या गावांत बहुतेक महादेव कोळी समाजाची वस्ती आहे, आणि आहुप्यासारख्या गावांनी आपली राई पिढ्यानपिढ्या जपलीय. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात आपल्याकडच्या देवराया गावोगाव फिरून अभ्यासल्या, तेव्हा त्यांना हेच दिसलं की आजूबाजूचा डोंगर उघडा पडला तरी देवाच्या नावाने राखलेला तुकडा उभा आहे. तिथे कुऱ्हाड लावायची नाही, काही ठिकाणी तर पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, चपला बाहेर काढायच्या, असे नियम असतात आणि ते गावागणिक वेगळे असतात. म्हणून आधी एक दिवस तुमच्यापैकी दोघं-तिघं जाऊन या, सरपंच, पोलीस पाटील किंवा देवाचं बघणारे गुरव-पुजारी जे कोणी असतील त्यांना भेटा, चहा प्या, आणि आम्ही यायचं म्हणतोय, चालेल का असं विचारा. पत्रिका छापून झाल्यावर विचारायचं म्हणजे ते विचारणं होत नाही. आणि जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनविभागालाही विचारावं लागेल. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली झालं, साधारण 130 चौरस किलोमीटरचं आहे, आणि मुख्यतः शेकरूसाठी राखलंय.

आता स्पीकर. घरीच ठेवा. शेकरू आपला राज्यप्राणी, लालसर तपकिरी, झुपकेदार शेपटीची मोठी खार, ती झाडाच्या शेंड्यावर पानाकाड्यांची घरटी करते आणि एकेका शेकराची बरीच घरटी असतात. ती दिसण्याआधी तिची खर्रर्र अशी हाक ऐकू येते, आणि तुमच्या पोरांना ती ऐकवायची असेल तर गप्प बसण्याशिवाय मार्ग नाही. भजन जरूर करा पण राईच्या तोंडाशी देऊळ असेल तर तिथे, गावाने हो म्हटलं तर, टाळ आणि पखवाज एवढंच घेऊन. गावातली माणसंही येऊन बसतील, त्यांना म्हणायला सांगा, त्यांच्या देवाची गाणी वेगळी असतात आणि ती ऐकायला मिळणं हे माझ्या मते सगळ्या सहलीतलं सगळ्यात मोठं देणं आहे. त्यानंतर राईत शिरताना सगळ्यांनी अर्धा तास मौन धरायचं. आजोबा मंडळी देवळातच बसली तरी चालतं, त्यांनी डोळे मिटून पानांचा आवाज ऐकला तरी पुरे.

आचारी पण नको. गावातल्या बायकांना सांगा, भात, पिठलं, तांदळाची भाकरी, एखादी रानभाजी असं ताज्या हाताचं जेवण मिळतं आणि पैसे गावात राहतात. तिथल्या लोकांचं वर्षाचं गणित पावसाळी भातावर आणि बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकण्यावर असतं, त्यामुळे पन्नास पानांचे पैसे त्यांच्यासाठी थोडे नाहीत. भाव ते सांगतील तो द्या, घासाघीस करू नका. मात्र पन्नास माणसं एकदम राईत नेऊ नका, पंचवीस-पंचवीसच्या दोन तुकड्या करा, एक तुकडी भजनाला बसेल तेव्हा दुसरी चालेल.

एक आमची चूक सांगते म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही आमचा चहा तिथेच केला, आणि आमच्यातल्या एका दादांनी चुलीसाठी दोन वाळक्या काटक्या उचलून आणल्या. गावातल्या एक आजी आल्या, काही बोलल्या नाहीत, हात जोडले आणि काटक्या होत्या तिथे परत नेऊन ठेवायला लावल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. तेव्हापासून आम्ही चहा थर्मासमधूनच नेतो.

पावसात गेलात तर जळवांसाठी मीठ जवळ ठेवा, पूर्ण पायाची विजार आणि लांब मोजे घाला, आणि वाटेत कुठल्याही धबधब्याखाली मंडळाला उतरवू नका, कोणी कितीही हट्ट केला तरी. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, पाणी मिनिटभरात वाढलं होतं.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. आमच्या ग्रुपमधल्या काकू म्हणाल्या की देवराईत पाळी असताना बायकांनी जायचं नसतं आणि काही ठिकाणी तर बायकांना अजिबातच नाही. आता तिने येणारच नाही म्हणून सांगितलंय. काय करू?

वहिनी, काकू म्हणाल्या ते काही ठिकाणी खरं आहे. तसे नियम आहेत, मला ते पटत नाहीत, पण मी पाहुणी म्हणून जाते तेव्हा तिथे जाऊन भांडण्याचा हक्क मला आहे असंही वाटत नाही. मी काय करते ते सांगते. गावाला भेटायला जातो तेव्हाच हे स्पष्ट विचारून घेते, आणि जिथे बायकांना मनाई आहे ती जागा आमच्या कुटुंबांच्या सहलीसाठी घेतच नाही. सगळ्यांना मोकळ्या असलेल्या राया भरपूर आहेत. मुलगी गाडीत बसून राहिली आणि बाकी सगळे देव बघून आले असं एकदा झालं तर ते पोर पुन्हा कधी रानाकडे बघणार नाही. आणि आयोजकांनी कुणाही बाईला किंवा मुलीला पाळीबद्दल विचारायचं नाही, हा नियम तुमच्या ग्रुपमध्ये आधीच सांगून टाका. मुलीला म्हणा, ताईंनी खास तुला बोलावलंय.

काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचंय, सोबत चार ते दहा वयाची सात मुलं आहेत. आमच्या सोसायटीत हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन सगळे आहेत, म्हणून धार्मिक काही नको पण सगळ्यांना चालेल असं काहीतरी करावं असं वाटतं.

काजव्यांचे दिवस म्हणजे मे संपता संपता ते पाऊस नीट लागेपर्यंत, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की. भंडारदऱ्याच्या आजूबाजूला घाटघर, साम्रद, उडदावणे, पांजरे या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, आंबा, उंबर अशी जुनी झाडं आहेत आणि काजवे त्यांच्यावर एका लयीत पेटतात-विझतात, लहान मुलाला ते समजावून सांगावंच लागत नाही. मोठ्यांना एवढं सांगा की ही चमक जोडीदाराला दिलेली हाक आहे, आणि आपण मोबाईलचा टॉर्च किंवा गाडीचे हेडलाईट मारले की ती हाक पोचतच नाही. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून ओलसर मातीत गोगलगायी खाऊन जातं, पंख फुटल्यावर थोडेच दिवस मिळतात, आणि नेमक्या त्या दिवसांत आपण शेकडो गाड्या घेऊन तिथे पोचतो. म्हणून शनिवार सोडून जा, मुक्काम गावातल्या घरी करा, गाडी तिथेच लावा आणि पायी जा. टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर लावा आणि तोही जमिनीकडे धरा. झाडाखाली गवतात शिरू नका, माद्या तिथेच असतात, आणि विंचूकाट्याचीही भीती आहेच. बाटलीत काजवे भरणं तर अजिबात नाही. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनविभागाने त्या वर्षी रात्रीच्या वेळेचे काय नियम केलेत ते निघण्याआधी विचारून घ्या.

सगळ्यांना चालेल असं काय, तर अंधारात बसल्यावर प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसाने, आजीने, नानीने, कुणी असेल तिने, आपल्या लहानपणीच्या अंधाराची एक आठवण सांगावी. आमच्याकडे एक खाला म्हणाल्या होत्या की त्यांच्या गावी रमजानमध्ये सहरीला उठवायला येणाऱ्या माणसाचा कंदील लांबून असाच हलताना दिसायचा. आमच्याकडची मुलं तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

आम्ही वसईचे. आमच्या पॅरिशमध्ये सप्टेंबरात सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळतात, त्यात कुटुंबांसाठी एक दिवसाचं रिट्रीट घ्यायचं आहे. फादर म्हणाले लांब कुठे तरी रिसॉर्ट घेऊ. तुम्हाला काय वाटतं?

मला वाटतं तुम्ही घरीच राहा, आणि हे मी फार आनंदाने सांगतेय कारण तुमच्याकडे जे आहे ते दुसरीकडे नाही. तुमची बावखलं! वाड्यांमधली ती गोड्या पाण्याची तळी, ज्यांत पावसाचं पाणी साठायचं, रहाटाने केळी-पानवेली-फुलांना दिलं जायचं, आणि समुद्र एवढा जवळ असून विहिरी खाऱ्या होत नव्हत्या त्यात ज्यांचा मोठा वाटा होता. त्यातली कितीतरी भराव टाकून बुजवली गेली, त्यावर इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते ते याच पाण्यासाठी आणि याच वाड्यांसाठी, आणि तुमच्या पॅरिशमधल्या साठी-सत्तरीच्या लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. मग रिसॉर्टच्या स्विमिंग पूलशेजारी बसून सृष्टीसाठी प्रार्थना कशाला?

हा काळ 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत असतो, तेव्हा बावखलं काठोकाठ भरलेली असतात. सकाळी मिस्सा झाली की कुटुंबांनी चालत निघायचं, तीन-चार बावखलं गाठायची, प्रत्येक ठिकाणी त्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाने सांगायचं की इथे काय पिकायचं, पोहायला कोण शिकलं, कधी बुजायला लागलं. सामवेदी समाजाची माणसं असतील तर त्यांनी आपल्या बोलीतच सांगावं, पोरांच्या कानावर ती पडू दे. मध्ये एक वाचन, थोडं मौन, मग पुढे. जेवण कुणाच्यातरी वाडीत पंगतीला. साफसफाई मात्र सप्टेंबरात काढू नका, पाणी भरलेलं असतं आणि मुलं सोबत असताना ते धोक्याचं आहे. गाळ काढायचा तो एप्रिल-मेमध्ये, पाणी तळाला गेल्यावर, मालकाच्या परवानगीने, आणि तो गाळ झाडांनाच घालायचा. सप्टेंबरच्या चालण्यात कोणत्या बावखलाचा गाळ काढायचा ते ठरवा आणि उन्हाळ्यात त्याच कुटुंबांनी परत या. शेजारच्या हिंदू घरांनाही बोलवा, बावखल त्यांचंही आहेच.

सहलीत वृक्षारोपण ठेवलंय, गुलमोहराची शंभर रोपं स्वस्तात मिळतायत.

नको. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रानात किंवा देवराईत तो लावायचा नाही, आणि गिरिपुष्पही नाही, तेही बाहेरचंच झाड. मुळात देवराईत बाहेरून काहीच लावू नका. गावाच्या शाळेत दहाच झाडं लावा, जांभूळ, करंज, ताम्हण, गाव म्हणेल ती, आणि तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे ठरवून त्याचे पैसे आत्ताच देऊन ठेवा.

मला आणि नवऱ्याला मौनाचं शिबिर करायचंय, पण दोन मुलं आहेत, सात आणि अकरा. इगतपुरीला सगळ्यांनी मिळून जाता येईल का?

इगतपुरीच्या धम्मगिरीवरचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर ही कुटुंबाची सहल नाही. तिथे फोन जमा करतात, बोलायचं नसतं, बायका-पुरुषांची राहायची सोय वेगळी असते. फी नसते, शेवटी इच्छेने दान देता येतं. तुमच्यापैकी एकाने आधी जावं, दुसऱ्याने मुलं सांभाळावीत, मग पुढच्या वेळी उलट.

चौघांनी मिळून करायचं असेल तर तुकोबांची वाट धरा ना. देहूजवळचे भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तिन्ही डोंगर त्यांच्या एकांताचे मानले जातात. भंडाऱ्यावर माघ शुद्ध दशमीला फार गर्दी असते, ते दिवस सोडून एखाद्या साध्या मंगळवारी उजाडताना जा. वर पोचलात की एक तास कोणी बोलायचं नाही, फोन गाडीतच. धाकट्याला तास जड जाईल, त्याला वही-पेन्सिल द्या आणि जेवढे आवाज ऐकू येतील तेवढे लिहायला किंवा काढायला सांगा. आमचा मुलगा तसाच सात वर्षांचा असताना आम्ही पुण्यात वेताळ टेकडीवर हे करायला लागलो, पहिल्या दिवशी त्याने तीनच आवाज लिहिले होते आणि त्यातला एक आईचं पोट वाजलं हा होता, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो मोर आणि भारद्वाज न बघता ओळखायला लागला. वही रिकामी आली तरी काही म्हणू नका. खाली आल्यावर इंद्रायणीच्या काठी बसून डबा खा.