मराठवाड्यातली गावं ओपनस्ट्रीटमॅपवरून विकिडेटाला आपोआप कशी जोडायची?

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर लातूर-धाराशिवकडच्या गावांच्या नोडवर (गाव दाखवणाऱ्या बिंदूवर) विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याचा क्यू-नंबर (तिथल्या प्रत्येक नोंदीचा, म्हणजे आयटमचा, ओळख क्रमांक) स्क्रिप्टने टाकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. जुळवणी स्क्रिप्टवर सोडा, पण यादी नजरेखालून घातल्याशिवाय अपलोड करू नका.

एका वेळी एकच तालुका घ्या. ओव्हरपास टर्बो या नकाशातला डेटा शोधायच्या वेबसाइटवरून विकिडेटा टॅग (क्यू-नंबरची नोंद) नसलेले गाव-वस्त्यांचे नोड सीएसव्ही तक्त्यात उतरवा: आयडी, मूळ नाव, मराठी नाव, अक्षांश-रेखांश. विकिडेटावरची स्पार्कल क्वेरी (तिथली माहिती शोधायच्या भाषेतला प्रश्न) मात्र पूर्ण जिल्ह्यावर चालवा. काही आयटमच्या पी 131 मध्ये (कोणत्या प्रशासकीय विभागात आहे ते सांगणारा रकाना) तालुका नसतो, थेट जिल्हाच असतो. तालुक्याची गाळणी लावली की ते निसटतात.

अंतराची मर्यादा 1 किमी ठेवलीत तर बरोबर जोड्याही गळतील. विकिडेटावर काही गावांचे अक्षांश-रेखांश पूर्ण मिनिटापर्यंतच दिलेले असतात. अक्षांशाचं एक मिनिट साधारण 1.85 किमी भरतं. पुढचे सेकंद नुसते छाटलेले असतील तर अक्षांश-रेखांश दोन्हींची मिळून तिरकी चूक अडीच किमीपर्यंत जाते. म्हणून मर्यादा 3 किमी ठेवा आणि एक अट घाला: त्या वर्तुळात नोडला एकच आयटम आणि आयटमला एकच नोड जुळला पाहिजे. बाकी सगळं हाताने तपासायच्या यादीत.

खरी गोची खुर्द-बुद्रुकची. नावं सारखी करण्याच्या नादात बरेच जण हे शब्द उडवतात. पण अशी दोन गावं बहुधा शेजारी-शेजारी, कधी नुसता ओढा मधे, त्यामुळे अंतरही वाचवत नाही. शब्द काढू नका, ‘बु.’ आणि ‘खु.’ पूर्ण लिहून घ्या. एका बाजूला ‘बुद्रुक’ आणि दुसरीकडे नुसतंच गावाचं नाव असेल तर ती जोडी आपोआप स्वीकारू नका. तुलनेआधी युनिकोड एनएफसी करा (एकच अक्षर वेगवेगळ्या पद्धतीने साठवलेलं असेल तर ते एकसारखं करा) आणि अक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं काढा, नाहीतर दिसायला तंतोतंत सारखी नावंही जुळत नाहीत. रोमन नावांत ‘ळ’चा ‘ल’ होतो, तेही धरा.

किल्लारी परिसरात जास्त जपा. 1993 च्या भूकंपानंतर तिथल्या कित्येक गावांचं दुसऱ्या जागी पुनर्वसन झालं. आयटम जुन्या जागेवर आणि नोड नव्या गावठाणात, असं असू शकतं. तिथे उपग्रहचित्र उघडूनच ठरवा.

पी 31 (आयटम गाव आहे की आणखी काही, ते सांगणारा रकाना) न पाहता जोडलंत तर वेरूळ गावाच्या नोडवर लेण्यांचा आयटम बसेल.  

अपलोडआधी पद्धत आणि नमुना यादी भारतीय मॅपर्ससमोर मांडा. ओपनस्ट्रीटमॅपवर स्वयंचलित संपादनाला तो नियमच आहे. चेंजसेट (एकत्र अपलोड केलेल्या बदलांचा गठ्ठा) तालुक्यागणिक वेगळा ठेवा, चुकलं तर तेवढाच उलटवता येतो. आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश विकिडेटात घाऊक ओतू नका: नकाशाचा डेटा ओडीबीएल या अटी असलेल्या परवान्याखाली आहे, विकिडेटा सीसी-शून्य, म्हणजे कुठल्याही अटीविना खुला.